ऐनावरचं पिवळं

बोईसरला पहिलं वर्ष कसं गेलं असं कोणी विचारलं तर मी सांगते, वाईट गेलं. लोकांना हे आवडत नाही. त्यांना ऐकायचं असतं की सुरुवातीला जरा त्रास झाला, पण मग किती गोड माणसं भेटली. मला गोड माणूस एकच भेटलं होतं, आणि त्याच्याशी मी जे वागले ते आठवलं की अजून घास घशाखाली उतरत नाही. म्हणून एकदाचं सांगून टाकते.

मी भंडाऱ्याकडची. तळ्याकाठचं गाव. आमच्या घरात धंदे दोन, तळ्यातली मासळी आणि रानातला कोसा. कोसा म्हणजे ज्या कोशातून टसरचं रेशीम निघतं तो. तो करणारं पाखरू रानातलं, चांगलं वीतभर पंखांचं. मादी पिवळी, नर तांबडा. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्या डोळ्यात आरपार दिसेल असा पातळ पापुद्रा. त्याच्या अळीला घरात टोपलीत घालून पाला टाकला असं चालत नाही. तिला उभं झाड लागतं, आणि झाडांत पहिला मान ऐनाचा. अर्जुन चालतो, बोर चालते, जांभूळ-तामणही कुठे कुठे चालते, पण ऐन तो ऐन. काळी भेगाळलेली साल, आणि पान उलटं केलं की देठापाशी दोन बारीक गाठी. मला डोळे बांधून रानात सोडलं असतं तरी मी ऐन हातानं ओळखला असता.

पण रानात सोडलं कोणी? पावसाळा लागला की आमच्याकडचे पुरुष रानात खोपी बांधून राहायला जायचे. दिवसभर गुलेल घेऊन पाखरं हाकलायची, मुंग्या चढू नयेत म्हणून खोडाला बिब्ब्याचं तेल लावायचं. बायांना तिकडे बंदी. मी जे काही शिकले ते दारात बसून, बाबा घरी आले की त्यांच्या तोंडून. नेम मात्र पाठ होते. बीजाचे, म्हणजे पुढच्या पिकासाठी राखलेले कोसे घरात टांगले की मासळी-मटण बंद. अंगाला हळद नाही. नवरा-बायकोनं वेगळं निजायचं. आणि कोसे घरात आहेत हे बाहेर कोणाला बोलायचं नाही. काहून म्हणून विचारलं की बाबा म्हणायचे, "तसंच असते." झालं. तेवढ्यावर मी मोठी झाले.

लग्न झालं आणि पासष्टच्या सुमारास आमच्या ह्यांना तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर वेल्डरचं काम लागलं. अणूची वीज म्हणे. आमच्या गावात तर कोणाला साधी वीजही माहीत नव्हती. आम्ही बोईसरजवळ सालवडला एका शेतकऱ्याच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. तिच्यात चिमणी लावायची, तिचा धूर वर कौलांना जायचा. देशभर उजेड पाडायला निघालेला माझा नवरा रात्री धडपडत चपला शोधायचा, आणि मी हसायची. हसण्यासारखं तेवढंच होतं.

बाकी दिवसभर मी एकटी. हे सकाळी सायकलवर जायचे ते कधी आठ तासांनी, कधी सोळा तासांनी यायचे. साईटवर सगळं हिंदी चालायचं, गावात वेगळंच. विहिरीवर बाया बोलायच्या ते मला अर्धं कळायचं, माझं त्यांना अर्धं कळायचं. "बाप्पा!" म्हटलं की त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. मी मुळातच फटकळ. चार दिवस ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी एकीला म्हटलं, "तोंड आहे का फाटका पोता?" तेव्हापासून विहिरीवर मी आले की गप्पा बंद. बरं झालं म्हणून मी घागर उचलली आणि घरी येऊन रडले.

माझ्या खोलीला लागून तशीच दुसरी खोली होती, मधे एक कूड. तिथे एक म्हातारी राहायची. माहेर केळव्याचं, लग्न होऊन इकडे आलेली, नवरा गेलेला, पोटी मूल नाही. पहाटे नवापूरच्या किनाऱ्यावर जायची, मासळी घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन बोईसरभर फिरून विकायची. मासळीचे वाटे लावून विकायची तिकडची रीत. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा पाटीत एक वाटा उरलेला असायचा. पहिल्यांदा तिनं तो करंजाच्या पानात बांधून माझ्या उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "गे बाय. माज्या एकटीला सरत नाय."

मी तिला मावशी म्हणायला लागले. समुद्राची मासळी मला आधी खारट लागायची, तळ्याच्या मासळीवर वाढलेलं तोंड. तिनं मला बोंबील शिकवला. आधी दगडाखाली दाबून पाणी काढायचं, मग तव्यावर. मांदेली कशी साफ करायची, ढोम्याचं कालवण किती आंबट ठेवायचं, सगळं. तिच्या हातचं खाताना मी पहिल्यांदा पोटभर जेवले असेन त्या मुलखात. ती फार बोलायची नाही. यायची, ओटीवर पाय सोडून बसायची, "खाल्लंस?" विचारायची आणि मी हो म्हटलं की उठायची. दिवसभरात माझ्याशी कोणी एवढंच बोलायचं. मी तेवढ्यासाठी संध्याकाळची वाट बघायची, खोटं कशाला सांगू?

मग आला राबाचा हंगाम. तिकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात. बांधावरच्या ऐनाच्या फांद्या छाटायच्या, वाळवायच्या, वाफ्यावर पसरून पेटवायच्या, याला राब म्हणतात. आमच्या घरमालकाच्या बांधावर ऐनाची आठ-दहा झाडं होती. छाटून छाटून त्यांचे नुसते खांब झालेले. मला बघवायचं नाही. आमच्याकडे ऐनाच्या झाडाला हात लावायचा तर बाबांना विचारून. एका दुपारी मी वाफ्याकडून येत होते आणि रचून ठेवलेल्या फांद्यांत मला दिसलं. काळपट, टणक, अंड्याएवढं, लांब देठ, आणि त्या देठाचं कडं काटकीभोवती आवळलेलं. कोसा!

माय वं! माझे पाय जागच्या जागी थांबले. मी तो तोडला, कानाशी धरून हलवला. आत काहीतरी जड हललं. जिवंत होता. त्या सगळ्या परक्या मुलखात माझ्या ओळखीचं पहिलं काहीतरी. मी त्या फांद्यांच्या ढिगात बसले आणि हातपाय खरचटून घेत तिन्हीसांजेपर्यंत सगळा ढीग उपसला. पाच कोसे मिळाले. दुसऱ्या दिवशी मालकानं तो राब पेटवला.

एका टोपलीत घालून मी ते पाच कोसे दाराच्या आतल्या बाजूला वाशाला टांगले, वारा लागेल असे, आणि त्या दिवसापासून बाबांचे सगळे नेम धरले. हळद बंद. ह्यांचं अंथरूण वेगळं. हे म्हणाले, "अवं, डबल ड्युटीनं मी असाच मेलेला असतो, तू कशाला वेगळा नेम करते?" मी म्हटलं, चेष्टा नको. मासळी बंद. आणि तोंड बंद.

संध्याकाळी मावशी आली, हातात पानाची पुडी. मी दारातच म्हटलं, "आज नको, मावशी." ती म्हणाली, "बरा नाय वाटत?" मी म्हटलं, "तसं नाही. नको." दुसऱ्या दिवशी पुन्हा नको. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "काय झाला बाय? मी काय बोलली?" आता हिला काय सांगायचं? सांगितलं तर नेम मोडतो. मी आपली जमिनीकडे बघत म्हटलं, "मला आता वास सहन होत नाही." वाटलं, ती समजेल मला दिवस गेलेत. तिला तसंच वाटलं असावं, कारण ती हसली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेली. मला स्वतःची लाज वाटली, पण सुटले असंही वाटलं.

ती मात्र ऐकणारी नव्हती. डोहाळ्यांच्या बाईला काहीतरी चांगलं खायला घालावं म्हणून असेल, तीन-चार दिवसांनी मी वाफ्याकडून आले तर उंबऱ्यावर पानाची पुडी. ताजी करंदी, ती बारीक कोळंबी. कोशांची टोपली बरोबर तिच्या वर. पुडीतून पाणी ओघळून उंबऱ्याच्या लाकडात मुरत होतं आणि घरभर वास. माझ्या डोक्यात राखच गेली. एवढे दिवस पाळलं ते सगळं पाण्यात! मी पुडी दोन बोटांनी उचलून बाहेर कुडापाशी ठेवली आणि अख्खी घागर उंबऱ्यावर ओतली. मग नारळाच्या काथ्यानं घासला. पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा घासला.

मान वर केली तर मावशी तिच्या ओटीवर उभी होती. अंघोळ करून आली असावी, पांढरे केस मोकळे. तिनं सगळं पाहिलं होतं. कुडापाशी पडलेली पुडी पाहिली. मी हातात काथ्या घेऊन तशीच बसलेली. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

उठून तिच्या दारापाशी जायला मला चार पावलं होती. मी गेले नाही. नेम आड आला असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला भीती वाटली. ती काय समजली ते मला तिथेच कळलं होतं. परक्या गावची, वीजघरातल्या माणसाची बायको, आणि हिला कोळणीच्या हाताचा विटाळ होतो. मी स्वतः मासळी विकणाऱ्या बापाची लेक! माझ्या आईच्या पाटीलाही कोणीतरी असंच नाक मुरडलेलं मी पाहिलेलं आहे. आणि मी हे केलं.

त्यानंतर संध्याकाळी कोणी विचारेना, खाल्लंस का म्हणून. कुडाच्या पलीकडून तिचं भांडं वाजायचं, खोकला ऐकू यायचा. माझंही तिला ऐकू येत असणार. मी मनाशी हिशेब मांडला, मिरग लागला की पाखरं निघतील, मग अंडी, मग अळ्या, मग दीड महिन्यात झाडावर नवे कोसे धरले की नेम सुटला. त्या दिवशी मी एक कोसा घेऊन तिच्या दारात जाणार, पाय धरणार आणि सगळं सांगणार. दिवस मोजत होते.

मिरगात पहिल्यांदा दोन नर निघाले, एका पाठोपाठ एक. नर आधीच निघतात. मादी निघायची होती म्हणून त्यांना थांबवणार कसं? सूर्य बुडता बुडता दोघेही खिडकीतून गेले. दोन कोसे तसेच राहिले, त्यांतून काही निघालंच नाही, आत किडले होते. पाचव्यातून चार दिवसांनी मादी निघाली. हळदीसारखी पिवळी, जड, ओली. पंख पसरायला तिला दुपार लागली.

या पाखराला तोंड नसतं हे माहीत आहे का? खायचं-प्यायचं सगळं अळी असताना. पाखरू झालं की आठवडाभर जगायचं तेवढं साठवलेल्यावर. मादी फार उडतही नाही. एका जागी बसते आणि नर लांबून वासानं येतो. आमच्याकडे माद्या बांबूच्या टोपलीत घालून संध्याकाळी बाहेर झाडाला टांगतात, रानातले नर येतात, सकाळी जोड्या बसलेल्या सापडतात. मीही टोपली ओटीच्या वाशाला टांगली. नर नाही आला तर ती पोकळ अंडी घालते आणि मरते. आणि नर येणार कुठून? मागच्या डोंगरापर्यंत जिथे तिथे ऐन छाटलेला, राबात किती कोसे जळाले देव जाणे.

पहिली सकाळ, एकटी. दुसरी सकाळ, एकटी. तिसऱ्या दिवशी ती खाली सरकून बसली होती. मी तिला म्हटलं, "तू पण माझ्यासारखीच वं, कुठे येऊन बसलीस!" मी अगदी वेड्यासारखी तिच्याशी बोलायची. मनात कौलही लावला होता. तांबडा आला तर माझं इथं निभेल. नाही आला तर बाबांना लिहायचं, न्यायला या.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता दार उघडलं आणि टोपलीच्या बाहेरून तांबडा चिकटलेला! काड्यांतून पलीकडे-अलीकडे दोघं जोडलेली, पंख निवांत. मी ह्यांना हलवून उठवलं. हे रात्रपाळी करून आलेले, "बरं झालं" म्हणाले आणि कुशीवर वळले. मी पुन्हा बाहेर आले. पोटात एवढा आनंद मावेना आणि सांगायला कोणी नाही. तेवढ्यात मावशी सुकटीची टोपली घेऊन बाहेर पडली. पावसात होड्या बंद, तेव्हा ती सुकी मासळी विकायची. ती थांबली. वाशाला टांगलेल्या टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. आणि मला बाबांचा आवाज आठवला, बोलायचं नाही. मी मान फिरवली.

ती विहिरीच्या बाजूनं, लांबच्या वाटेनं निघून गेली. त्यानंतर रोज तिकडूनच जायची. माझं तोंड बघायला नको म्हणून जाते असं मी धरून चालले.

अंडी द्रोणात घालून मी बांधावरच्या ऐनाला लावली, कापल्यानंतर ज्याला लुसलुशीत फुटवा आला होता त्याला. बाईनं झाडाखाली जायचं नाही हा नेम मात्र मी मोडला, दुसरं होतं कोण? तो मोडला म्हणून बाकीचे अजून घट्ट धरले. मालकाचं इरलं मागून घेतलं आणि पाऊसभर त्या बांधावर बसले. अळ्या आधी मुंगीएवढ्या, मग हिरव्यागार, बोटाएवढ्या जाड, अंगावर रुपेरी ठिपके. खाताना कानाला ऐकू येतं, रिमझिम थांबली तरी पानांत रिमझिम चालूच. एकदा मुंग्या फार झाल्या म्हणून मी काही अळ्या विहिरीजवळच्या बोरीवर नेल्या. बोर त्यांना चालते, पण जन्मापासून असेल तर. ऐनावर तोंड लागलेल्या अळ्या बोरीच्या पानांवरून नुसत्या फिरत राहिल्या, खाल्लं नाही, खाली पडून मेल्या. एकच टिकली. कोणी यावरून मला शहाणपण सांगू नये. माणूस म्हणजे अळी नाही. मी महिन्याभरात बोंबील शिकले होते, ते शिकवणारी होती म्हणून.

आषाढात एकदा मी भिजून बांधावरून आले तर मावशीच्या दाराला कुलूप. वाटलं, बाजारात गेली असेल. दुसऱ्या दिवशीही कुलूप. मालकाला विचारलं. तो म्हणाला, "ती गेली केळव्याला, भाचीकडे. गुडगे गेले तिचे. खोली सोडली." मी विचारलं, "काही म्हणाली?" तो म्हणाला, "तसा काय नाय. बोलली, बाजूच्या बायला माज्या पाटीचा वास येते. एवढाच."

पुढचे दोन दिवस मी बांधावर गेले नाही. कावळ्यांनी निम्मं झाड साफ केलं. उरलेल्या अळ्यांनी कोसे धरले तेव्हा नेम सुटला, आणि ज्या दारात कोसा घेऊन जायचं होतं तिथे कुलूप. मी बोंबील आणला, दगडाखाली दाबला, तळला आणि टाकून दिला.

पोळ्याच्या सुमाराला बाबांना पत्र लिहिलं. त्या मुलखातही ऐन आहे, कोसा आहे, मी एकटीनं पीक घेतलं, आणि बाबा, तुमचे सगळे नेम पाळले, घरोघरी मासळी वाळते अशा गावात मासळी सोडली, कोणाला एक शब्द बोलले नाही. मोठ्या तोऱ्यात लिहिलं. बाबांना अक्षर येत नव्हतं, त्यांनी मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं. कोसा धरला हे ऐकून आनंद झाला वगैरे झाल्यावर पुढे होतं, "पोरी, तू मासळी काहून सोडली? तो नेम आमच्यासाठी. पावसात तळं भरते, चढणीचे मासे लागते, अन् गडी रान सोडून तिकडे पळते. मागे कावळे-मुंग्या झाड साफ करते. म्हणून म्हाताऱ्यांनी मासळीचं नाव काढू नये म्हटलं. किड्याला मासळीचं काय? अन् न बोलायचं ते चोरांपुढे. शेजारणीपुढे काहून नाही बोललीस?"

मी ते पत्र चार वेळा वाचलं. दारात बसून शिकलं की असंच होतं. नेम कानावर आला, कारण रानातच राहिलं. मग मी बाबांवर चिडले, मास्तरांवर चिडले, ह्यांच्यावर तर विनाकारण. राग संपला तेव्हा खाली फक्त ती पाण्याची घागर उरली.

केळव्याला जायला मला दिवाळी उलटून गेली. कोणत्या तोंडानं जाऊ? शेवटी थंडीत, त्याच बांधावर पावसाळ्यानंतर घेतलेल्या दुसऱ्या पिकातला एक कोसा रुमालात बांधला आणि निघाले. त्या वेळचा कोसा मिरगापर्यंत झोपतो, प्रवासाला भीती नसते. केळवे रोडला गाडीतून उतरले, तिथून टांग्यानं. नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे सुरूची झाडं, मग समुद्र. मावशी भाचीच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली बसून बोंबलांच्या जुड्या बांधत होती. मला पाहून ती उठली नाही. म्हणाली, "बस."

मी एका दमात सगळं सांगितलं. कोसा, बाबा, नेम, पत्रसुद्धा. दिवस गेल्याचं खोटं होतं तेही सांगितलं. हात जोडले. ती ऐकत होती, जुड्या बांधणं चालूच. मग म्हणाली, "मला म्हाइत होता. ते पिवळं टोपलीत बसलेलं मी बगायची ना. त्याला पाटीचा वास लागू नाय म्हनून तर मी विहिरीवरनं जायची."

म्हणजे ती माझ्या पाखरासाठी वळसा घेत होती! गुडघे गेलेली बाई.

"मासली नको बोललीस, त्याचा मला काय नाय," ती म्हणाली. "पन बाय, पानी कशाला वतलास?"

त्याचं उत्तर नेमातही नव्हतं, बाबांच्या पत्रातही नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं." रुमाल सोडून मी कोसा तिच्या हातात दिला. तिनं तो कानाशी नेऊन हलवला. "जिता हाय हा. मंग हिते कशाला आनलास? हिते ऐन नाय." मी वर हात केला. ती ज्याच्याखाली बसली होती तो देशी बदाम. ऐनाच्या कुळातलाच. आमच्याकडे तळ्याच्या बांधावर बदाम आहे, तिथेही कोसा धरतो. मी सांगितलं, या झाडाला चालतं. ती वर बघत म्हणाली, "बग, रहाते का." मी कोसा खालच्या फांदीला दोऱ्यानं बांधला. तिनं मला चहा दिला, जेव म्हणाली नाही. निघताना मी वाकून पाया पडले तेव्हा पाय मागे घेतले नाहीत, पण गालावरून हातही फिरवला नाही. संध्याकाळी मी सालवडला परत आले. शेजारच्या खोलीत तोवर एक हिंदी बोलणारं बिऱ्हाड आलं होतं.

ती थंडी, तो उन्हाळा कसा गेला ते सांगत नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंच. राबाच्या वेळी मी फांद्यांचे ढीग उपसले, मालक म्हणाला, आली वेडी. मिरग लागला. एका सकाळी दारात एक बाई उभी, डोक्यावर सुक्या मासळीची टोपली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"वीजघरवाल्याची बाय तू?" ती म्हणाली. "केळव्याच्या म्हातारीनी निरोप दिलाय. तुजं पिवळं निगाला. तांबडा आला नाय अजून. ती रोज सकाळी बदामाखाली जाऊन बगते."

मी म्हटलं, "तिला सांगा, तिथून जवळच माकुणसारच्या टेकडीवर ऐन आहे. तिकडून येईल. तीन दिवस लागतात कधी कधी. सांगाल ना?"

"सांगते," ती म्हणाली. टोपली उतरवून तिनं करंजाच्या पानात बांधलेली पुडी काढली, सुके बोंबील. मी सवयीनं उंबऱ्यापासून बाजूला झाले, तिला ठेवता यावं म्हणून. ती ठेवेना.

"उंबऱ्यावर ठेवू नको, हातात दे, असा सांगितलाय म्हातारीनी," ती म्हणाली.

मी दोन्ही हात पुढे केले.